ओपन स्पेसमध्ये पाखरांची बाग कशी उभी करावी

मराठवाड्यातील बहुतेक शहरांत प्रत्येक वसाहतीच्या मध्ये किंवा कडेला एक मोकळी जागा असते. नकाशात तिला 'खुली जागा' म्हटलेले असते, बोलण्यात सगळे तिला 'ओपन स्पेस' म्हणतात, आणि प्रत्यक्षात तिथे बांधकामाचा राडारोडा, गाजरगवत, दोन-चार वेड्या बाभळी आणि दुपारी सावलीला बसलेली जनावरे असतात. अशा जागेवर पक्षी, फुलपाखरे, सरडे, मधमाश्या यांना राहता येईल आणि वसाहतीतील माणसांनाही सकाळ-संध्याकाळ फिरकता येईल अशी बाग करायची असेल, तर कोणती कामे कोणत्या क्रमाने करावीत आणि काय मुळीच करू नये, हे येथे सांगितले आहे. परभणीतील आमच्या वसाहतीत सुमारे दहा गुंठ्यांच्या, म्हणजे साधारण एक हजार चौरस मीटरच्या जागेवर हे काम करताना जे चुकत गेले, त्यातूनच यातील बराचसा भाग शिकायला मिळाला.

सर्वांत मोठी चूक पहिल्याच दिवशी झाली. आम्ही जेसीबी आणून सगळी जागा 'साफ' करून घेतली. संध्याकाळपर्यंत जागा तळहातासारखी सपाट झाली आणि त्याचे आम्हाला फार कौतुक वाटले. वरचा वीतभर मातीचा थर, त्यातील गवताची मुळे व बी, मुंग्यांची वारुळे, रुईची झुडपे हे सगळे ट्रॉलीत भरून निघून गेले. जुलैत दीडशे रोपे लावली, फोटो काढले. पुढच्या मे महिन्याच्या अखेरीस त्यांपैकी एकवीस रोपे हिरवी होती. उघड्या पडलेल्या मातीवर त्या पावसाळ्यात सर्वांत आधी आणि सर्वांत जोमाने उगवले ते गाजरगवतच.

आधी जागा पाहा

जागेला हात लावण्यापूर्वी निदान एक पावसाळा आणि एक हिवाळा ती नुसती पाहावी. एक शंभर पानी वही घ्यावी, जागेचा हाताने काढलेला नकाशा पहिल्या पानावर डकवावा आणि आठवड्यातून एकदा अर्धा तास फिरून दिसेल ते लिहावे: पाणी कुठे साचते, कोणत्या कोपऱ्यात दुपारनंतर सावली येते, लोकांची पायवाट कुठून जाते, गुरे कुठून शिरतात, कोणत्या झुडपावर कोणता पक्षी बसतो. नाव ठाऊक नसेल तर वर्णन लिहावे. नाव नंतर सापडते.

या पाहणीत रुईकडे विशेष लक्ष द्यावे, कारण साफसफाईत सर्वांत आधी तिच्यावरच कुऱ्हाड पडते. पावसाळ्यात रुईचे पान उलटून पाहिले तर अंगावर काळे-पांढरे आडवे पट्टे, मधून पिवळे ठिपके आणि पाठीवर काळ्या मऊ शिंगांच्या तीन जोड्या असलेली अळी अनेकदा दिसते. नारिंगी पंखांच्या, पंखांच्या टोकाला काळी-पांढरी नक्षी असलेल्या फुलपाखराची ती अळी असते. रुईच्या चिकातील विषारी द्रव्ये तिच्या अंगात राहतात, म्हणून पक्षी सहसा त्या फुलपाखराच्या वाटेला जात नाहीत. हे फुलपाखरू गुलाबावर किंवा शोभेच्या क्रोटनवर अंडी घालत नाही. त्याला रुईसारखी चिकाची झाडेच लागतात. फुलपाखरांची बाग म्हणजे फुलांची बाग असे आपण समजतो, पण फुले हे फुलपाखरांचे हॉटेल झाले; त्यांचे बाळंतपण व्हायचे ते पानांवर, आणि प्रत्येक जातीचे पान ठरलेले असते.

मालकी आणि परवानगी

जागा कोणाची आहे हे ऐकीव माहितीवर ठरवू नये. मोठा ले-आउट मंजूर होताना त्यातील साधारण दहा टक्के क्षेत्र खुली जागा म्हणून सोडावे लागते, आणि मंजूर ले-आउटची प्रत महानगरपालिकेच्या किंवा नगरपरिषदेच्या नगररचना विभागात असते. ती सहज मिळाली नाही तर माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये शुल्क भरून अर्ज करावा. माहिती देण्याची मुदत तीस दिवसांची आहे. सोबत सातबारा किंवा मालमत्ता पत्रकही काढून ठेवावे, कारण अनेक ठिकाणी खुली जागा कागदावर अजून मूळ जमीनमालकाच्याच नावावर असते आणि पाच वर्षांनी झाडे मोठी झाल्यावर वाद उभा राहतो. गुंठेवारीच्या वस्त्यांत तर हा घोळ हमखास असतो.

जागा पालिकेची असल्यास उद्यान विभागाकडे देखभालीसाठी परवानगी मागावी. अर्जात तीन गोष्टी स्वच्छ लिहाव्यात: मालकी पालिकेचीच राहील, कोणतेही पक्के बांधकाम होणार नाही आणि बाग सर्वांना खुली असेल. तोंडी होकारावर काम सुरू करू नये. अधिकारी बदलतात, पण शिक्क्याचा कागद कपाटात राहतो.

रिकाम्या खासगी प्लॉटवर काम करायचे असेल, तर मालकाची तीन किंवा पाच वर्षांची लेखी संमती घ्यावी आणि तिथे मोठी झाडे लावू नयेत. शहरी भागात झाड तोडायला 'महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५' नुसार परवानगी लागते. उद्या घर बांधताना अडचण येईल ही मालकाची भीती त्यामुळे खोटी नसते. अशा जागेवर गवत, तरवड, रुई, एरंड, घोळ एवढ्यावरही फुलपाखरांचे चांगले भागते.

माणसे जमवणे

सुरुवातीला पाच-सहा घरे पुरेत. त्यांत पाणी देऊ शकणारे एक घर, सकाळी लवकर उठणारी एक-दोन ज्येष्ठ मंडळी आणि शाळेतील दोन-तीन मुले असावीत. ज्यांचा त्या जागेवर आधीपासून वावर आहे, त्यांना टाळून बाग होत नाही. क्रिकेट खेळणाऱ्या मुलांची खेळपट्टी नकाशात आधी आखावी आणि उरलेली जागा बागेला घ्यावी. आम्ही पहिल्या वर्षी उलटे केले आणि खेळपट्टीच्या ऐन मध्यात लावलेली बहाव्याची रोपे तिसऱ्या दिवशी गेली. गणपतीचा मांडव जिथे पडतो तो तुकडाही मोकळाच ठेवावा. देवपूजेला फुले नेणाऱ्या आजींसाठी फाटकाजवळ तगर, जास्वंद, कण्हेर लावून दिली की आतल्या झाडांना सहसा हात लागत नाही.

गवत राखण्याचा मुद्दा मात्र पुन्हा पुन्हा समजावून सांगावा लागतो. 'सर, झाडं लावायलात का गवत वाढवायलात?' हा प्रश्न आम्हाला पहिली दोन वर्षे दर आठवड्याला ऐकावा लागला.

काय काढावे, काय ठेवावे

प्रथम प्लास्टिक, काच, थर्माकोल हाताने वेचून काढावे. विटा आणि दगड फेकू नयेत, एका कोपऱ्यात रचावेत. त्यांचा उपयोग पुढे येणार आहे. कचरा किंवा पालापाचोळा कधीही पेटवू नये.

गाजरगवत १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम आढळले आणि नंतर सगळ्या देशभर पसरले. ते जुलै-ऑगस्टमध्ये माती ओली असताना, फुलावर येण्यापूर्वी मुळासकट उपटावे. एका झाडाला हजारो बिया येतात, म्हणून फुलावर आलेली झाडे खताच्या खड्ड्यात टाकू नयेत. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि नाकावर रुमाल हवाच. अनेकांच्या अंगाला त्याने खाज सुटते आणि दम्याच्या माणसाने तर या कामापासून दूरच राहावे. उपटलेली जागा उघडी न ठेवता तिथे लगेच टाकळ्याचे किंवा तरवडाचे बी टाकावे. ही दोन्ही झाडे गाजरगवताला वर येऊ देत नाहीत आणि त्यांच्या पानांवर पिवळी फुलपाखरे अंडी घालतात.

वेडी बाभूळ नुसती तोडली तर दुप्पट फुटवे घेऊन उठते. तिचा बुंधा जमिनीखाली हातभर खणून काढावा लागतो आणि मोठ्या झाडांसाठी परवानगीही लागते. तरीही सगळ्या एकदम काढू नयेत. त्यांवर सुगरणींची किंवा होल्यांची घरटी असतील, तर देशी बाभूळ डोक्याएवढी होईपर्यंत दोन-तीन झाडे राहू द्यावीत. घाणेरी आणि सुबाभूळ यांबाबतही हाच क्रम ठेवावा.

माती आणि पाण्याचा हिशेब

जागोजागी फूटभर लांब, रुंद आणि खोल खड्डे खणून पाहावे. काळी चिकण माती, तिच्याखाली चुनखडी किंवा पिवळसर माती आणि मग मुरूम, असा क्रम आपल्याकडे नेहमी दिसतो. खड्डा पाण्याने दोनदा भरावा. दुसऱ्या वेळचे पाणी दुसऱ्या दिवशी सकाळीही तसेच उभे असेल, तर तिथे खड्ड्यात झाड लावू नये, वीतभर उंचवटा करून त्यावर लावावे. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. त्या भेगांमध्ये रोपाची बारीक मुळे तुटतात आणि ओलही उडून जाते, म्हणून वाळलेल्या पानांचे किंवा सोयाबीनच्या भुसकटाचे चार बोटे जाड आच्छादन हा काळ्या मातीतील लागवडीचा अर्धा जीव आहे. माती तपासून घ्यायची असल्यास परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या किंवा आपल्या जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्राच्या प्रयोगशाळेत चौकशी करावी.

आता पाणी. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. ज्या प्रदेशात ही वेळ येते, तिथे बाग किती मोठी करायची हे जागेच्या आकारावरून ठरवता येत नाही. मे महिन्यात किती पाणी हाताशी असेल, यावरून ते ठरवावे लागते. एका रोपाला आठवड्याला दहा लिटर धरले, तर साठ रोपांना सहाशे लिटर लागतात. नोव्हेंबर ते मे असे तीस आठवडे म्हणजे अठरा हजार लिटर झाले. हा आकडा झेपत नसेल, तर रोपे तीसच लावावीत. दीडशे रोपांपैकी एकवीस जगवण्यापेक्षा तीसपैकी पंचवीस जगवणे खर्चातही परवडते.

छपरावर पडणाऱ्या पावसाच्या प्रत्येक मिलिमीटरमागे एका चौरस मीटरला एक लिटर पाणी मिळते. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर ७०० मिलिमीटर पाऊस पडला तर सत्तर हजार लिटर होतात. गळती-उडती वजा जाता पन्नास हजारांवर पाणी बागेच्या चरांकडे वळवता येते. उताराला आडवे, हातभर रुंद आणि वीतभर खोल चर काढून निघालेली माती खालच्या बाजूला बांधासारखी लावावी. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर पडणारे खारट पाणी रोज एकाच झाडाला घालू नये.

कोणती झाडे, किती आणि कुठे

आजकाल लहान जागेत शेकडो रोपे दाट लावून 'घनवन' करण्याची पद्धत लोकप्रिय आहे. माझ्या मते आपल्या कोरड्या भागात, तेही लोकवर्गणीच्या पाण्यावर, ती योग्य नाही. मराठवाड्यातील मूळचा निसर्ग बराचसा माळरानाचा आहे: मधे गवत, कडेने झुडपे आणि अंतराअंतरावर बाभूळ, हिवर, पळस, बोर. आपली बागही तशीच असावी. दहा गुंठ्यांत पंधरा-वीस झाडे, चाळीसेक झुडपे आणि निदान एक तृतीयांश जागेवर गवत हे प्रमाण आम्हाला मानवले.

झाडांत एक उंबर असावाच, मात्र भिंती आणि जलवाहिनीपासून दूर. उंबर, वड, पिंपळ यांच्या फळांवर आपला राज्यपक्षी हरियाल येतो, तांबट येतो, बुलबुल तर मुक्कामालाच असतो. पळस, पांगारा आणि काटेसावर फेब्रुवारी-मार्चमध्ये, बाकी सगळे सुकत असताना फुलतात. त्यांच्या मधासाठी शिंजीर, साळुंक्या आणि कोतवाल यांची सकाळी रीघ लागते. देशी बाभूळ आणि बोर काटेरी असल्यामुळे लोक नाके मुरडतात, पण मांजर चढू शकत नाही अशी घरट्याची जागा पक्ष्यांना त्याच काट्यांत मिळते. शमी आणि आपटा लावावेत. आपट्याचे एक झाड फाटकाजवळ लोकांसाठीच असावे, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या रात्री आतली ओरबाडली जात नाहीत. कडुनिंब, बहावा आणि करंज सोपे आहेत, त्यांच्याविषयी वेगळे सांगायला नको.

झुडपांत कढीपत्ता, लिंबू आणि बेलाची खुजी रोपे एकत्र लावली, तर त्या एका कोपऱ्यात काळ्या-पिवळ्या मोठ्या फुलपाखरांच्या अळ्या वर्षातील बरेच महिने सापडतात. लहानपणी त्या पाखराच्या शिटेसारख्या दिसतात आणि मोठ्या झाल्यावर हिरव्यागार होतात. पाने कुरतडलेली दिसली म्हणून औषध फवारायचे नाही, हे बागेच्या पाटीवरच लिहावे. कुंपणाला करवंद आणि सागरगोटा लावावा. सीताफळ मूळचे परदेशी असले तरी बालाघाटाच्या डोंगरात ते इतके रुळले आहे की, एक-दोन झाडांना कोणी हरकत घेऊ नये. गुलमोहर, कोनोकार्पस, सप्तपर्णी आणि लॉन मात्र टाळावे.

रोपे सामाजिक वनीकरण विभागाच्या रोपवाटिकेतून आणावीत आणि दीड-दोन फुटांचीच आणावीत. पिशवीत मुळे गोल फिरून गुंतलेले सहा फुटी रोप लवकर मान टाकते. खड्डे एप्रिलमध्ये दीड फूट लांबी, रुंदी आणि खोलीचे काढून उन्हात तापू द्यावेत. मृगाचा पहिला शिडकावा झाला म्हणून लगेच लागवड करू नये. दोन चांगले पाऊस होऊन माती वीतभर खोल ओली झाल्यावर, आकाश भरलेले असताना संध्याकाळी रोपे लावावीत.

काही झाडे बियांपासूनच चांगली येतात. निंबोळी आणि पळसाच्या बिया ताज्याच पेराव्यात, साठवल्या की त्यांची उगवण झपाट्याने घटते. बाभळीचे बी मात्र टणक असते; उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात टाकून ते रात्रभर तसेच राहू द्यावे. शेळ्या बसतात त्या जागी शेंगा खाऊन बाहेर पडलेले बी मिळाले, तर तेवढेही करावे लागत नाही. गवतासाठी बाजारातून काही आणू नये. दिवाळीनंतर गावाकडील बांधावरून मारवेलीचे आणि कुसळी गवताचे पिकलेले बी पोत्यात भरून आणावे आणि पुढच्या जूनमध्ये फेकावे.

पहिले दोन उन्हाळे

खरी परीक्षा ऑक्टोबरच्या उन्हापासून सुरू होते. प्रत्येक रोपाजवळ वीतभर अंतरावर पाच-सात लिटरचे साधे, न रंगवलेले मडके गळ्यापर्यंत पुरावे आणि तोंडावर झाकणी ठेवावी. मडके पाझरते, मुळे त्याच्याकडे वळतात आणि चार-पाच दिवसांनी एकदा भरले तरी चालते. झाकणी नसेल तर डास होतात. पाणी देण्याची पाळी घरांना वाटून द्यावी, रोपांना क्रमांक द्यावेत आणि कोणाच्या पाळीला काय झाले हे वहीत लिहावे. मे महिन्यात लग्नांमुळे निम्मी घरे गावाला जातात. त्या तीन आठवड्यांसाठी एका माणसाला मजुरी देऊन ठेवणे सर्वांत स्वस्त पडते. दुसऱ्या उन्हाळ्यात पाणी निम्मे करावे आणि तिसऱ्यात बंद.

पाणवठा, दगड आणि साप

पाणवठा उथळ असावा: कडेला बोटभर, मधे चार बोटे खोल, त्यात दोन-तीन खडबडीत दगड. तो दर तीन दिवसांनी रिकामा करून घासावा. मोठे टाके करण्याच्या फंदात नवख्यांनी पडू नये.

बाजूला ठेवलेल्या विटा-दगडांची रास घरांपासून दूरच्या कोपऱ्यात उन्हात रचावी, शेजारी एखादा जुना ओंडका कुजू द्यावा आणि गोळा केलेला पाला त्याभोवती टाकावा. सरडे, सापसुरळ्या, बेडूक आणि जमिनीत बिळे करणाऱ्या एकट्या मधमाश्या तिथे राहायला येतात. साप येणार नाही असे मात्र कोणालाही सांगू नये. नाग, घोणस, मण्यार, फुरसे हे चारही विषारी साप मराठवाड्यात आहेत आणि बिनविषारी धामण तर शहरातही फिरते. पायवाट चार फूट रुंद ठेवून तिच्यावरील गवत सतत कापावे, अंधारात विजेरीशिवाय आत जाऊ नये, आणि वनविभागाचा १९२६ व रुग्णवाहिकेचा १०८ हे क्रमांक फाटकावर मोठ्या अक्षरांत रंगवावेत. साप चावल्यास वेळ न दवडता सरकारी रुग्णालय गाठावे. बागेत कुत्र्यांना किंवा पारव्यांना खायला घालू नये; तिथे त्यांची संख्या वाढली की जमिनीवर घरटी करणारे पक्षी टिकत नाहीत.

गवताची कापणी आणि होळी

गवत वर्षातून एकदाच, बी झडल्यावर डिसेंबर-जानेवारीत कापावे, आणि तेही एका वर्षी निम्मी जागा, दुसऱ्या वर्षी उरलेली निम्मी. कापलेले गवत गाईम्हशीवाल्याला द्यावे. त्याच्या बदल्यात शेणखताची एक ट्रॉली मिळते. फेब्रुवारीच्या आत कडेने तीन मीटर रुंदीची पट्टी पूर्ण साफ करून जाळरेषा तयार ठेवावी, कारण विडीच्या एका थोटकाने संध्याकाळभरात सगळे जाऊ शकते. होळीच्या आठवड्यात वाळलेला ओंडका आणि काट्यांचे कुंपण नाहीसे होते. त्यावर उपाय एकच: वसाहतीच्या होळीसाठी छाटलेल्या फांद्यांची मोळी आपणच आधी नेऊन द्यावी.

मार्चपासून पुढे मुरमाड, उघड्या तुकड्यावरून चालताना खाली पाहून चालावे. टिटवी काहीही न बांधता, खड्यांच्या मधे मातकट रंगाची, काळे डाग असलेली अंडी घालते, बहुधा चार. ती पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. पक्षीण मात्र त्याआधीच डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागते. भर उन्हात ती पोटाची पिसे पाण्यात भिजवून येते आणि अंड्यांवर बसून त्यांना थंड ठेवते, म्हणून त्या काळात पाणवठा एक दिवसही कोरडा राहू देऊ नये. असे घरटे सापडल्यास पाच पावलांवर चारही बाजूंना वीट उभी करावी, पायवाट तेवढ्यापुरती वळवावी, मुलांना दुरूनच दाखवावे आणि पिल्ले निघेपर्यंत, म्हणजे साधारण महिनाभर, त्या बाजूचे सगळे काम थांबवावे.